आकडा ओळखण्याचा खेळ: प्रोग्रामिंग शिकताना पहिला प्रोग्राम म्हणून हाच का लिहितात?

‘१ ते १०० मधला एक आकडा मनात धरलाय, ओळख बघू!’ लाइट गेल्यावर, लांबच्या प्रवासात किंवा पावसात घरात अडकल्यावर हा खेळ अनेकांनी खेळलेला असतो. एकाने आकडा धरायचा, दुसऱ्याने अंदाज सांगायचा आणि पहिल्याने फक्त ‘याहून मोठा’ किंवा ‘याहून लहान’ एवढेच म्हणायचे. ना फासे लागतात, ना पट.

हाच खेळ संगणकाकडून खेळवून घेणारा प्रोग्राम लिहिणे हा जगभर नवशिक्यांना दिला जाणारा एक नेहमीचा धडा आहे. त्यात चित्रे नाहीत, आवाज नाही, बटणे नाहीत. पडद्यावर अक्षरे उमटतात आणि खेळाडू कीबोर्डवरून उत्तर टाइप करतो, इतकेच. तरीही प्रोग्रामिंगचा पाया या दहा-पंधरा ओळींत येतो. शिवाय हा प्रोग्राम पहिल्याच झटक्यात क्वचितच बरोबर चालतो, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तेच त्याचे मोठे मोल आहे.

खेळ पडद्यावर कसा दिसतो?

प्रोग्राम सुरू केला की संवाद साधारण असा होतो:

संगणक: १ ते १०० मधला आकडा ओळखा.
खेळाडू: ५०
संगणक: आकडा याहून मोठा आहे.
खेळाडू: ७५
संगणक: आकडा याहून लहान आहे.
खेळाडू: ६२
संगणक: आकडा याहून मोठा आहे.
खेळाडू: ६८
संगणक: आकडा याहून मोठा आहे.
खेळाडू: ७१
संगणक: बरोबर! ५ प्रयत्नांत ओळखलात.

हा खेळ आला कुठून?

माणसांमधला खेळ जुनाच आहे. संगणकावर तो लोकप्रिय झाला बेसिक या भाषेमुळे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमधले जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ही भाषा तयार केली. १ मे १९६४ रोजी पहाटे बेसिकमधला पहिला प्रोग्राम चालला. विज्ञान शाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यामागचा उद्देश होता. त्या काळी विद्यार्थ्यांसमोर पडदा नसायचा. टेलिटाइप नावाच्या टंकयंत्रासारख्या यंत्रावर टाइप करायचे आणि उत्तर कागदावर छापून यायचे. साहजिकच त्या वेळचे खेळ शब्दांचे आणि आकड्यांचे होते.

१९७३ मध्ये डेव्हिड आल यांनी बेसिकमधल्या १०१ खेळांचे पुस्तक संपादित केले. १९७८ मध्ये घरगुती संगणकांसाठी त्याची नवी आवृत्ती आली आणि या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यात ‘गेस’ नावाचा आकडा ओळखण्याचा खेळ होता. खेळाडूला गरजेपेक्षा जास्त प्रयत्न लागले, तर खरे म्हणजे किती प्रयत्न पुरे होते, हेही तो सुनावायचा. त्याच पुस्तकातल्या ‘हाय-लो’ या खेळात १ ते १०० डॉलरमधली बक्षिसाची रक्कम सहा प्रयत्नांत ओळखायची असे.

पुढे भाषा बदलल्या, पण धडा टिकला. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट या भाषेच्या अधिकृत पुस्तकातही दुसरे प्रकरण याच खेळाचे आहे.

प्रोग्राम म्हणजे नेमक्या कोणत्या सूचना?

सध्या नवशिके बहुतेक वेळा पायथॉनमध्ये सुरुवात करतात. गिडो व्हान रोसम या डच प्रोग्रामरने ही भाषा १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली. ती मोफत आहे. लॅपटॉप नसला तरी फोनच्या ब्राउझरमध्येही ती चालवता येते. भाषा कोणतीही घेतली, तरी संगणकाला द्यायच्या सूचना साध्या मराठीत अशा:

१. १ ते १०० मधला कोणताही एक आकडा निवड आणि ‘गुपित’ या नावाने ठेव.
२. ‘प्रयत्न’ या नावाने शून्य ठेव.
३. खेळाडूला अंदाज विचार.
४. त्याने टाइप केलेल्या मजकुराचे आकड्यात रूपांतर कर.
५. ‘प्रयत्न’ एकने वाढव.
६. अंदाज गुपितापेक्षा लहान असेल, तर ‘आकडा याहून मोठा आहे’ असे दाखव आणि पायरी ३ वर परत जा.
७. अंदाज गुपितापेक्षा मोठा असेल, तर ‘आकडा याहून लहान आहे’ असे दाखव आणि पायरी ३ वर परत जा.
८. दोन्ही नसेल, तर ‘बरोबर’ असे दाखव, प्रयत्नांची संख्या सांग आणि थांब.

या आठ ओळी कागदावर लिहून, एका माणसाने संगणक होऊन त्या जशाच्या तशा पाळल्या तरी खेळ पूर्ण होतो. कीबोर्डला हात लावण्याआधी हे एकदा करून पाहावे. पुढच्या अर्ध्या चुका तिथेच सापडतात.

या आठ ओळींत काय काय शिकायला मिळते?

व्हेरिएबल: स्वयंपाकघरात डब्यावर ‘तूरडाळ’ अशी चिठ्ठी असते. आतला माल कमी-जास्त होतो, चिठ्ठी तीच राहते. ‘गुपित’ आणि ‘प्रयत्न’ ही अशीच नावे आहेत. ‘गुपित’मधला आकडा खेळ संपेपर्यंत तोच राहतो, ‘प्रयत्न’मधला दर वेळी वाढतो.

इनपुट आणि आउटपुट: बाहेरून माहिती घेणे आणि बाहेर उत्तर देणे. एटीएममध्ये पिन टाकणे आणि पडद्यावर शिल्लक दिसणे, हा त्याचाच मोठा अवतार.

अट: असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर. पायथॉनमध्ये यासाठी ‘इफ’ आणि ‘एल्स’ हे शब्द येतात. इथे शक्यता तीन आहेत, लहान, मोठा आणि समान. यातली एकही सुटली तर खेळ बिघडतो.

लूप: उत्तर सापडेपर्यंत तेच काम पुन्हा करणे. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘व्हाइल’ वापरतात. किती फेऱ्या होतील हे आधी ठाऊक नसते, म्हणून ‘शंभर वेळा कर’ असे न सांगता ‘सापडेपर्यंत कर’ असे सांगावे लागते.

बँकेचे ॲप असो की रेल्वे आरक्षण, त्यांच्या मुळाशी याच चार गोष्टी असतात. फरक व्यापाचा आहे.

९ हा ५० पेक्षा मोठा कसा?

नवशिक्याला सर्वात जास्त छळणारी पायरी चौथी. कीबोर्डवरून ५० टाइप केले, तरी पायथॉनच्या हाती येतो तो ‘पाच’ आणि ‘शून्य’ या दोन चिन्हांचा मजकूर. त्याच्या लेखी तो पन्नास हा आकडा नसतो. माणसाला दोन्ही एकच वाटतात, संगणकाला नाही.

याचे परिणाम विचित्र असतात. मजकूर आणि आकडा यांत लहान-मोठे ठरवायला सांगितले, तर पायथॉन सरळ नकार देतो आणि चुकीचा संदेश दाखवून थांबतो. हे त्यातल्या त्यात बरे. पण ‘दोन्ही समान आहेत का’ एवढेच विचारले, तर तो काहीही तक्रार न करता ‘नाही’ म्हणतो. म्हणजे गुपित ५०, खेळाडूचे उत्तर ५०, आणि प्रोग्राम म्हणतो ‘चूक’. पडद्यावर कुठेही एरर नाही. प्रोग्राम सुरळीत चालतोय आणि खोटे बोलतोय.

तिसरा प्रकार त्याहून गमतीचा. दोन्ही बाजू मजकूरच असतील, तर तुलना शब्दकोशाच्या क्रमाने होते. आधी पहिले चिन्ह पाहिले जाते. ९ हे चिन्ह ५ नंतर येते, म्हणून ‘९’ हा मजकूर ‘५०’ पेक्षा मोठा ठरतो. फोल्डरमध्ये १० नंबरची फाइल कधी कधी २ नंबरच्या आधी का दिसते, त्याचे कारणही हेच.

उपाय एका शब्दाचा आहे. आलेला मजकूर आधी आकड्यात बदलून घ्यायचा. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘इंट’ नावाची सोय आहे.

मराठी वाचकांसाठी इथे एक सुखद धक्का आहे. पायथॉन ३ मध्ये हीच सोय देवनागरी अंकही ओळखते. खेळाडूने ‘५०’ असे देवनागरीत टाइप केले, तरी त्याचे पन्नास होतात. व्हेरिएबलला ‘गुपित’ असे देवनागरी नाव दिलेलेही चालते. ‘इफ’, ‘व्हाइल’ असे भाषेचे ठरलेले शब्द मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात.

नेहमी होणाऱ्या चुका: लक्षण आणि कारण

संगणकाच्या सूचना एकमेकींशी जुळत नाहीत. आधी ‘६० पेक्षा मोठा’, मग ‘५५ पेक्षा लहान’. कारण: आकडा निवडण्याची ओळ लूपच्या आत गेली आहे. दर फेरीत संगणक नवा आकडा धरतो. ती ओळ लूपच्या बाहेर, वर हवी.

एकच वाक्य अखंड छापले जाते, थांबतच नाही. कारण: अंदाज विचारण्याची ओळ लूपच्या बाहेर राहिली. जुनाच अंदाज पुन्हा पुन्हा तपासला जातो. कीबोर्डवर कंट्रोल आणि सी एकत्र दाबले की प्रोग्राम सहसा थांबतो.

१०० हा आकडा कधीच येत नाही. कारण: पायथॉनमध्ये आकडा निवडायच्या दोन सोयी आहेत. ‘रँडइंट’ दोन्ही टोके धरते, ‘रँडरेंज’ शेवटचे टोक सोडते. दुसरीला १ आणि १०० दिले, तर ती ९९ वरच थांबते. ही चूक महिनोन् महिने कळत नाही, कारण खेळ बाकी उत्तम चालतो.

प्रयत्नांची संख्या एकने कमी दाखवली जाते. कारण: मोजणी शून्यापासून केली, पण वाढवण्याची ओळ तपासणीच्या नंतर आली. त्यामुळे शेवटचा, बरोबर आलेला अंदाज मोजलाच गेला नाही.

खेळाडूने ‘पन्नास’ असे अक्षरी लिहिले की प्रोग्राम बंद पडतो. कारण: अक्षरांचा आकडा करता येत नाही. इथे प्रोग्रामला सांगावे लागते, की रूपांतर जमले नाही तर बंद पडू नकोस, पुन्हा विचार. खेळाडू नेहमी शहाण्यासारखाच टाइप करील, असे कधीही गृहीत धरायचे नसते, हा धडा इथेच मिळतो.

सात प्रयत्न पुरतात, ते कसे?

१, २, ३ असे ओळीने विचारत गेले, तर सरासरी पन्नासच्या आसपास प्रयत्न लागतात आणि नशीब वाईट असेल तर शंभर. पण दर वेळी उरलेल्या आकड्यांच्या मधोमध अंदाज सांगितला, तर प्रत्येक उत्तराने निम्मे आकडे बाद होतात. १०० पैकी जास्तीत जास्त ५० उरतात, मग २५, १२, ६, ३ आणि १. सातव्या प्रयत्नात उत्तर हमखास हाती येते. सरासरी काढली तर ५.८ प्रयत्नच लागतात.

या पद्धतीला बायनरी सर्च म्हणतात. जाडजूड शब्दकोशात शब्द शोधताना माणूस साधारण हेच करतो. मध्ये कुठेतरी उघडतो, शब्द पुढे की मागे ते पाहतो आणि अर्धे पुस्तक बाजूला टाकतो. आकड्यांची व्याप्ती वाढली, तरी प्रयत्न फारसे वाढत नाहीत:

१ ते १,०००: जास्तीत जास्त १० प्रयत्न
१ ते १० लाख: जास्तीत जास्त २० प्रयत्न
१ ते १०० कोटी: जास्तीत जास्त ३० प्रयत्न

किती संधी द्यायच्या?

खेळात रंगत यावी म्हणून अनेक जण प्रयत्नांवर मर्यादा घालतात. इथे नवशिका पहिल्यांदाच खेळाडूच्या खुर्चीतून उठून खेळ ठरवणाऱ्याच्या खुर्चीत बसतो. सात संधी दिल्या, तर डोके वापरणारा प्रत्येक वेळी जिंकू शकतो. सहा दिल्या, तर उत्तम खेळणाऱ्याच्याही आवाक्यात १०० पैकी ६३ च आकडे येतात. ‘हाय-लो’मध्ये नेमक्या सहाच संधी असायच्या, म्हणजे हुशारीला नशिबाचीही साथ लागायची. पाच संधी दिल्या, तर आवाक्यात येतात फक्त ३१ आकडे. पहिल्या अंदाजात १ आकडा तपासला जातो, दुसऱ्यात दोनपैकी एक, तिसऱ्यात चारपैकी एक. अशी १, २, ४, ८ आणि १६ यांची बेरीज ३१ होते.

म्हणजे प्रोग्राममधला एक आकडा ७ ऐवजी ५ केला, की कौशल्याचा खेळ बऱ्याच अंशी नशिबाचा होतो, आणि खेळणाऱ्याला पडद्यावर त्याचा पत्ताही लागत नाही.

संगणक मनात आकडा धरतो म्हणजे काय करतो?

संगणकाला मन नसते आणि लहर नसते. पायथॉनची ‘रँडम’ नावाची सोय एक ठरलेले गणित करून आकड्यांची लांबलचक माळ तयार करते. त्यामागचे सूत्र मर्सेन ट्विस्टर या नावाने ओळखले जाते. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी ते १९९७ मध्ये तयार केले. या माळेची सुरुवात ज्या आकड्याने होते त्याला ‘सीड’, म्हणजे बी म्हणतात. बी तेच पेरले, तर आकडेही त्याच क्रमाने उगवतात.

शिकणाऱ्याला याचा उपयोग असा, की चूक शोधताना बी पक्के करून ठेवता येते. मग गुपित आकडा दर वेळी तोच येतो आणि तपासणी सोपी होते. खेळासाठी हे गणित उत्तम आहे. पासवर्ड किंवा ओटीपी तयार करण्यासाठी मात्र ते वापरू नये, कारण पुरेसे आकडे पाहिले की पुढचे आकडे काढता येतात. त्या कामासाठी पायथॉनमध्ये ‘सीक्रेट्स’ ही वेगळी सोय आहे.

चूक शोधणे म्हणजे हाच खेळ

पडद्यावर लाल अक्षरे आली, की अनेक नवशिके ‘हे आपले काम नव्हे’ म्हणत लॅपटॉप मिटतात. इंग्रजीची भीती असेल तर आणखी लवकर. खरे पाहता एररच्या संदेशात दोन कामाच्या गोष्टी असतात, कोणत्या ओळीवर अडले आणि कशामुळे अडले. पायथॉनचा संदेश खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत कारण असते, तिच्या वर ओळीचा क्रमांक.

एरर न दाखवता चुकीचे उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला मात्र प्रश्न विचारावे लागतात. प्रोग्रामच्या मध्यावर ‘गुपित’ आणि ‘अंदाज’ छापून पाहायचे. दोन्ही अपेक्षेप्रमाणे असतील, तर चूक पुढच्या अर्ध्या भागात. नसतील, तर आधीच्या भागात. मग उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य. खेळात आकडा शोधायची आणि प्रोग्राममध्ये चूक शोधायची रीत एकच आहे. अंदाज बांधा, उत्तर ऐका, अर्धे बाद करा.

व्यावसायिक प्रोग्रामरही हेच करतात. गिट या प्रणालीत ‘बायसेक्ट’ नावाची सोय आहे. हजार बदलांपैकी कोणत्या बदलाने बिघाड आणला, हे ती साधारण दहा तपासण्यांत शोधून देते.

आणि चुका फक्त नवशिक्यांच्याच होतात असेही नाही. जावा भाषेसोबत मिळणाऱ्या बायनरी सर्चमध्ये वर्षानुवर्षे एक चूक दडून होती. मधला आकडा काढण्यासाठी आधी दोन्ही टोकांची बेरीज केली जायची. यादी अतिप्रचंड असेल, तर ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या कमाल मर्यादेपलीकडे जाऊन ऋण व्हायची आणि प्रोग्राम कोसळायचा. तो भाग लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी स्वतःच २००६ मध्ये या चुकीबद्दल जाहीरपणे लिहिले.

खेळ चालला, आता पुढे काय?

पुढचा टप्पा म्हणजे भूमिका बदलणे. आकडा माणसाने धरायचा आणि अंदाज संगणकाने सांगायचा. यासाठी ‘सर्वात लहान’ आणि ‘सर्वात मोठा’ अशी दोन टोके सांभाळून दर वेळी मधला आकडा काढावा लागतो. सात प्रयत्नांचे गणित इथे स्वतःच्या हाताने लिहिले जाते. खेळाडूने चुकून किंवा मुद्दाम खोटे उत्तर दिले, तर एक वेळ अशी येते की लहान टोक मोठ्या टोकाच्या पुढे निघून जाते. म्हणजे एकही आकडा उरत नाही. ‘तुमच्या उत्तरांत कुठेतरी गफलत आहे,’ असे तेव्हा प्रोग्रामने म्हटले पाहिजे.

हे वाक्य पडद्यावर पहिल्यांदा उमटते, तेव्हा शिकणाऱ्याने एक महत्त्वाचा टप्पा ओलांडलेला असतो. आधी संगणक त्याच्या चुका दाखवत होता. आता समोरच्याची चूक ओळखणारा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिलेला असतो.